मांसासाठीं घरगुती ससेपालन

जोडधंद्यांची चर्चा निघाली कीं हल्लीं ससेपालनाचें नांव पुढें येतें. त्याचा हिशेब बहुधा विक्रीच्या रकमेपासून मांडला जातो. आमच्या मतें तो स्वयंपाकघरापासून मांडावयास हवा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माळरानावरील ससा व पाळीव ससा या भिन्न जाती आहेत. रानसशास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचें संरक्षण असून त्यास धरणें अगर मारणें गुन्हा आहे. आम्ही लिहितों तें न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला यांसारख्या पाळीव सशांविषयीं.

मादी सुमारें ३१ दिवसांनीं विते. तिच्यावर फार ताण न देतां वर्षांत ४ वेळां पिलें घेतलीं व दर खेपेस ५ जगविलीं, तर २० पिलें हातीं येतात. चांगलें संगोपन झाल्यास तीन महिन्यांचें पिलूं २ किलोच्या आसपास भरतें व त्यांतून निम्मे मांस मिळतें. म्हणजे दोन माद्या व एक नर बाळगणाऱ्या कुटुंबास आठवड्यास अदमासें पाऊण किलो मांस घरच्या घरीं मिळूं शकेल.

आपल्याकडे सशाचा खरा शत्रु उन्हाळा होय. कडक उष्म्यानें नर कांहीं काळ वांझ ठरतात. पारा ४० अंशांच्या घरांत गेला कीं जनावरें दगावूं लागतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यांत पिंजरे दाट सावलींत, भिजविलेल्या पोत्यांच्या आडोशास ठेवावे व वैशाखांत जोडी लावूंच नये. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असावा. लेंड्या खालीं पडून गेल्या म्हणजे कॉक्सिडिया रोगाचें भय पुष्कळ कमी होतें. जोडी लावतांना मादीस नराच्या पिंजऱ्यांत न्यावें. आपल्या जागेंत आलेल्या नरावर ती धांवून जाते. हिरवा चारा किंचित् सुकवूनच घालावा, नाहींतर पोट बिघडून पिलें मरतात.

विक्रीच्या बाबतींत मात्र आम्ही कडक इशारा देऊं इच्छितों. भारी किंमतीस जोड्या देऊन पिलें परत विकत घेण्याचा करार पुढें करणारे लोक भेटतात. अशा करारांत बहुधा त्यांचा नफा मांसावर नसून नव्या गिऱ्हाइकावर असतो. सन २०१९ मध्यें कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेंत सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी कसे पोळले, हें विसरण्याजोगें नाहीं. जेथें सशाचें मांस खाणारें गिऱ्हाईक नाहीं, तेथें करारपत्र म्हणजे बाजारपेठ नव्हे.

आणखी एक अडचण उघड बोललेली बरी. ससा गरीब व देखणा प्राणी. मुलांचा तो लाडका होऊन बसतो, आणि मग सुरी हातीं घेण्यास कोणी धजत नाहीं. नर-माद्यांस हवीं तर नांवें द्यावीं, खाण्याच्या पिलांस देऊं नयेत. घरच्या मंडळींस हें मान्य नसेल, तर या वाटेस न जाणेंच शहाणपणाचें.

ज्यांस मान्य असेल त्यांनीं तीन जनावरांवर एक पावसाळा व एक उन्हाळा काढून पाहावा. मांस घरांत रुचलें, शेजारीपाजारी रोख पैसे देऊन मागूं लागले, तरच चौथा पिंजरा करावा.