बांधावरचे दोन शेजारी

भालकी, औराद, आळंदकडील माळावर दोन कीटक नेहमी दिसतात. शिकारी माशी गवताच्या काडीवर दबा धरून बसते, उडता किडा हवेतच पकडते आणि सोंड खुपसून त्याचा रस शोषते. दाणे वेचणारी मुंगी गवताचे बी बिळातील कोठारात साठवते. पावसाने भिजल्यास बाहेर आणून वाळविते. एक एकटी शिकार करते, दुसरी मिळून वेचते.

माशी कधी मधमाशीही मारते, मुंगी पेरलेली ज्वारी पळविते, हे खरे. तरीही बिळांवर विषारी पावडर टाकू नये, असे आम्हांस वाटते. तिने किडी खाणारी माशीही मरते. शिवाय तीच पावडर हाताकपड्यांवाटे आपल्या घरात, पोराबाळांपर्यंत पोहोचते. त्यापेक्षा पेरलेले बी मातीने नीट झाकावे आणि बांधावरचे गवत न जाळता राखावे. मूठभर दाण्यांसाठी घराचे आरोग्य घालवू नये.