मनाई आणि निवारा

२०२३ च्या मार्चमध्ये 'जी-२०'च्या पाहुण्यांसाठी नागपूर सजले, तेव्हा पोलीस आयुक्तांनी कलम १४४ अन्वये चौकांत भीक मागण्यास मनाई केली. मोटारीतून जाणाऱ्यांस हायसे वाटले असेल. पण फुटपाथवरच्यांनी रात्री निजावे कोठे, हा प्रश्न तसाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशानुसार मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा हवा. २०११ च्या जनगणनेतील २४ लाखांच्या नागपुरास ते २४ लागतात. मनाईस एक हुकूम पुरतो. निवाऱ्यास शेजाऱ्यांचे औदार्यही लागते. विदर्भपुत्र गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांची जयंती करणाऱ्या आम्ही नागरिकांनी आपल्या मोहल्ल्यातील निवाऱ्यास हरकत घेऊ नये, एवढी तरी त्यांच्या कार्याची बूज राखावी.