सूर्यास्ताच्या वेळी आपण कुठे असतो?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात मी आठवीच्या मुलींना निबंध घातला, 'मी पाहिलेला सूर्यास्त'. आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते, तेव्हा वह्यांचा गठ्ठा घरी येणे नेहमीचेच. विषय म्हणाल तर जुनापुराणा. पण म्हटले, आपल्या रत्नागिरीच्या मुली, पश्चिमेला उघडा समुद्र, त्यांना काय अवघड? वह्या तपासायला घेतल्या आणि पाहते तो काय, निम्म्या मुलींनी महाबळेश्वरचा सूर्यास्त लिहिलेला! काहींनी कन्याकुमारीचा. सगळीकडे तोच तो तांबूस गोळा आणि तीच ती घरट्याकडे परतणारी पाखरे. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. समुद्र आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, पण त्या वेळी आई मला घरात बोलावते, भावाला बोलावत नाही, म्हणून मी सूर्यास्त पाहिलेला नाही, असा त्याचा मतलब. तिला मी दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते शुद्धलेखनाचे.

वही मिटली, पण ते वाक्य काही मिटेना. कारण खरे सांगू? तिच्या बाईंचे तरी वेगळे काय आहे? माझे माहेर देशावरचे. लग्न होऊन इथे आले त्या आठवड्यात यांच्याबरोबर मांडवीला जाऊन समुद्र पाहिला, आणि मग बारा वर्षांत पाहिला तो पाहुण्यांच्या निमित्ताने. पाहुणे पुण्याहून येतात, किल्ला, थिबा पॅलेस, गणपतीपुळे करून जातात. आपण बरोबर गेलो तरी अर्धे लक्ष डब्यात आणि अर्धे घड्याळात. सूर्य बुडायची वेळ म्हणजे आपल्याकडे दिवेलागण. देवापुढे दिवा, तुळशीपुढे दिवा, मुलांचे हातपाय धुणे, कुकर लावणे. समुद्रकाठच्या गावातली बाई सूर्यास्ताच्या वेळी घरातच असते. हे कोणी ठरवून केलेले नाही, पण आहे खरे.

आमच्या सासूबाई तर माझ्या पुढच्या. रत्नागिरीत येऊन त्यांना पन्नास वर्षे होतील. दर नवरात्रात रत्नदुर्गावर भगवतीची ओटी भरायला जातात, ती सकाळीच. मी सहज विचारले, "आई, किल्ल्यावरून सूर्यास्त कसा दिसतो हो?" तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? त्या वेळी मी कधी गेले?" पन्नास वर्षे! मी हातातली पळी खाली ठेवली.

आणि गंमत अशी, की समुद्र न पाहणाऱ्या या बाईंना समुद्राचे जे कळते ते आम्हा हिंडणाऱ्यांना कळत नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चौघे आरे-वारेला गेलो होतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर दहाबारा किलोमीटरवर ही जागा. रस्ता डोंगर चढून वर आला की खाली दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाळूची पुळण दिसते. इतकी सुंदर, की बोलणेच थांबते. वरून पाहून परतलो असतो तर बरे होते. पण मुलांचा हट्ट, म्हणून खाली उतरलो. चार वाजले असतील. धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता, लाट आली, ती परत जाताना त्याच्या पायाखालची वाळूच निघून गेली आणि पोर आडवे झाले. यांनी दंड पकडला म्हणून. एक चप्पल गेली, दुसरी मीच रागाने फेकून दिली. घरी येऊन सासूबाईंना घाबरत घाबरत सांगितले, तर त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "आज तिथी कोणती?" अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, द्वितीया. "मग दीड वाजता भरती पुरी झाली. चार म्हणजे पाणी ओढ घेत होतं. त्यातून उधाणाचे दिवस. अशा वेळी पोराला पाण्यात उभं करतात का?"

त्यांचे माहेर खाडीपलीकडचे. लहानपणी शाळेला, बाजाराला तरीतून जायचे, आणि तर चालायची पाण्याच्या तालावर. म्हणून हे गणित त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ. मी ते तुमच्यासाठी लिहून घेतले आहे, कॅलेंडरवर टिपून ठेवा. शुक्ल असो की वद्य, प्रतिपदेपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती, आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तितकीच पुढे सरकते, म्हणून हे जमते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, तेव्हा घड्याळ लावून पाण्यात शिरू नका. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, त्यामुळे पाणी फार चढते आणि फार उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. सगळ्यांत धोक्याची वेळ भरती पुरी झाल्यावर दोन-तीन तासांनी, पाणी जोराने मागे जात असते तेव्हाची. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथला किनारा लगेच खोल होतो. आणि पावसाळ्यात तर कोणतीही तिथी असो, पाण्यात पाऊल नको. माझ्या घरात आता हा कायदाच आहे.

तर त्या चार ओळींच्या निबंधानंतर मी ठरवले, सासूबाईंना किल्ल्यावरचा सूर्यास्त दाखवायचा. दिवस त्यांनीच काढला, पौष पौर्णिमा. पौषात लग्नकार्ये नाहीत, घरात जरा मोकळीक असते. शिवाय पौर्णिमेला इकडे सूर्य बुडतो तिकडे चंद्र उगवतो, दोन्ही पदरात. "पण दिवा?" हा प्रश्न आलाच. हे म्हणाले, "मी लावतो." सासूबाईंनी मुलाकडे असे पाहिले, जसे काही त्याने विमान चालवतो म्हटले! शेवटी ठरले. हे आणि धाकटा घरी, आणि सासूबाई, मी आणि मोठी लेक अशा तिघी रिक्षाने किल्ल्यावर. फुलवात, तेल, काडेपेटी सगळे देवघरात मांडून ठेवले. तांदूळ धुऊन कुकरमध्ये, पिठल्याचे पीठ कालवून, फोडणीचे साहित्य वाटीत. एवढे केले की पुरुषमाणसाला पिठले-भात जमतो. शिट्ट्या किती, तेही कागदावर लिहिले होते.

रत्नदुर्ग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. रिक्षा बरीच वरपर्यंत जाते. मग बालेकिल्ल्याच्या पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही पाचलाच पोहोचलो आणि दर पाच-सहा पायऱ्यांना थांबलो. घाई असेल तर म्हाताऱ्या माणसाला नेऊच नये, तिला वाटते आपण अडचण झालो.

आधी देवीचे दर्शन. तिथे सासूबाईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. त्यात तेल! घरून आणले होते, मला पत्ताच नव्हता. देवीपुढच्या समईत त्यांनी ते घातले, वात पुढे सरकवली, हात जोडले आणि मला म्हणाल्या, "चल, माझा दिवा लावून झाला. आता कुठे न्यायचं तिथं ने."

तटावर आलो. दक्षिणेला खाली मांडवीची काळी वाळू. इल्मेनाइट नावाचे लोहयुक्त खनिज तिच्यात आहे, म्हणून ती काळी. त्यापलीकडे काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि पलीकडच्या काठाला सुरूचे बन. उत्तरेला मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे पांढरा समुद्र. एका गावाला एक काळा आणि एक पांढरा असे दोन समुद्र, आणि दोन्ही एकाच जागेवरून दिसतात! लेकीला हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. (मीही नव्हते. लाज वाटली.) खाली मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची दाटी. सासूबाई कितीतरी वेळ होड्यांकडेच पाहत होत्या. सूर्याकडे नाही. "ओहोटी लागली बघ पुरी," म्हणाल्या. घड्याळात पावणेसहा होत आले होते. गणित बरोबर होते.

सव्वासहाच्या सुमाराला सूर्य टेकला. वर्णन मी करणार नाही, मुलींचे निबंध वाचून माझी तांबूस गोळ्याची हौस फिटली आहे. एवढेच सांगते, की पाण्याला टेकल्यावर तो फार भराभर जातो. आपण पदर सावरेपर्यंत अर्धा गेलेला असतो. मग लेक ओरडली, "आजी, मागे बघ!" पूर्वेला गावामागच्या डोंगरांवर चंद्र वर आलेला, मोठा, फिका, पिठाच्या गोळ्यासारखा. सासूबाई तटाला टेकून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी एकदा म्हटलं होतं चल म्हणून. तुझ्या नवऱ्याच्या वेळची मी बाळंतीण होते. पुढं राहूनच गेलं." त्यावर मी काय बोलणार? डबा उघडला.

डब्याबद्दल सांगायलाच हवे. संक्रांतीच्या गुळपोळ्या होत्या, त्या चार दिवस टिकतात आणि सांडत नाहीत. बरोबर कोकमाचे सरबत, जिरे-मीठ घातलेले. ते काचेच्या किंवा स्टीलच्या बाटलीत न्यावे, अॅल्युमिनियमच्या वा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये. तटावर वारा भयंकर, म्हणून चिवडा-भडंग नको, अर्धे समुद्राला जाते. म्हाताऱ्या माणसासाठी कानाला बांधायला रुमाल आणि बसायला जुन्या चादरीची घडी. पुळणीवर गेलात तर ओली वाळू पायावरून चोळून काढू नका, कातडी सोलते. वाळू द्या, किंवा थोडी टाल्कम पावडर लावून पुसा, लगेच सुटते. कपड्यांचेही तेच, वाळले की झटकायचे आणि मग साध्या पाण्यातून काढायचे. चष्मा, पर्सची चेन, छत्रीच्या काड्या घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर खारी हवा गंज धरवते. आणि डब्याबरोबर नेलेले कागद-पिशव्या डब्याबरोबरच घरी आणाव्यात.

संध्याकाळ कोणाला अगदीच जमत नसेल तर सकाळी साडेनऊला थिबा पॉइंटवर जा. मुले शाळेत, हे कचेरीत, आणि आपली शाळा दुपारची असली तर मधला तास आपलाच असतो. तिथून खाली काजळीचे वळण, भाट्याचा पूल आणि पुढे समुद्र असे सगळे ताटात वाढल्यासारखे दिसते. जवळच ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा. इंग्रजांनी त्याला १८८६ साली इथे आणून ठेवले, वाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ साली तो इथेच गेला. त्याच्याबरोबर राणी सुपयालतही होती. तीस वर्षे परक्या गावात राहून तिने या खाडीकडे काय म्हणून पाहिले असेल, असे मला तिथे उभे राहिले की वाटते. राजाची समाधी सगळे दाखवतात, राणीची आठवण कोणी काढत नाही. ती मागाहून रंगूनला परत गेली.

पावसाळ्यात मात्र समुद्र सोडा आणि सड्यावर जा. जांभ्या दगडाचा उघडा माळ, उन्हाळ्यात भाजून काढणारा. पण आषाढात त्यावर दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही कोकणातल्या सड्यांवरच उगवणारी जात, आपल्या गावातल्या चंपक मैदानावरही ती आहे. थोडे दिवस असते आणि जाते. तोडू नका, कांदाही उपटू नका, कुंडीत ती काही जगायची नाही.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत आम्ही उतरलो. रिक्षात सासूबाईंनी घरी फोन लावायला सांगितला. दिवा लावला का, तुळशीपुढे लावला का, सगळे विचारून झाले. घरी पोहोचल्यावर पाहिले तर यांनी तेलाऐवजी तुपाची वाटी निरांजनात रिकामी केली होती आणि पिठल्यात मीठ नव्हते. सासूबाईंनी वरून मीठ घेतले आणि दोनदा पिठले मागून घेतले.

आता त्यांनी चैत्र पौर्णिमा सांगून ठेवली आहे. तोपर्यंत वाऱ्याची दिशा बदलते म्हणतात, ऊनही फार, म्हणून सहाला निघायचे. शेजारच्या दोघी येऊ म्हणताहेत, त्यांच्यापैकी एकीच्या घरी दिव्याचा प्रश्न अजून सुटायचा आहे. तुमच्याकडे तो कसा सुटला, किंवा का सुटला नाही, ते मला जरूर कळवा.