मासिक पाळी : मोबाईलवर चर्चा, घरात मात्र चिडीचूप

मे २०२३. ठाणे जिल्ह्यातलं उल्हासनगर. बारा वर्षांच्या एका मुलीच्या कपड्यांवर तिच्या भावाला रक्ताचे डाग दिसले. ते मासिक पाळीचे होते. पण भावाने बहिणीचे कुणाशी तरी संबंध असल्याचा संशय घेतला आणि तिला इतकी मारहाण केली की त्यात तिचा जीव गेला.

जुलै २०२५. त्याच जिल्ह्यातलं शहापूर. एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींना एकत्र बोलावून कुणाला पाळी आली आहे, याची चौकशी झाली. काही मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली. पालक संतापले, पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली.

दोन्ही घटनांत मुलींची काहीच चूक नव्हती. पहिल्या घटनेत पुरुषाला पाळी म्हणजे काय हेच कळलं नाही. दुसऱ्या घटनेत शाळा चालवणाऱ्या बाईंना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी पाळीला गुन्ह्यासारखं वागवलं. म्हणजे प्रश्न नुसता माहितीचा नाही, लाज कशाची बाळगायची याचाही आहे.

मग एवढी वर्षं समाजमाध्यमांवर चाललेल्या जागृतीने काय साधलं? बरंच काही साधलं, हे आधी मान्य करायला हवं. २०१५ मध्ये मंदिरप्रवेशाच्या वादातून ‘हॅपी टू ब्लीड’ ही मोहीम फेसबुकवर उभी राहिली आणि ज्या शब्दाने माना खाली जात, तो शब्द मुली स्वतःच्या नावाने लिहू लागल्या. २०१७ मध्ये सॅनिटरी पॅडवरच्या कराविरोधात ‘लहू का लगान’ हा हॅशटॅग गाजला. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. आज दहावीतली मुलगी आपला प्रश्न मोबाईलवर मराठीत विचारू शकते. तिच्या अम्मीला ही सोय नव्हती.

पण मोबाईलची एक मर्यादा आहे. जो जे पाहतो, तेच त्याला पुन्हा पुन्हा दाखवलं जातं. पाळीवरचा व्हिडिओ मुलीला दिसतो, क्रिकेट पाहणाऱ्या तिच्या भावाला दिसत नाही. म्हणजे ज्याला कळणं सर्वांत गरजेचं, त्याच्यापर्यंत ही जागृती पोहोचतच नाही. शिवाय योग्य माहितीसोबत पाळी लांबवण्याच्या गोळ्यांचे आणि ‘घरगुती उपायां’चे व्हिडिओही फिरतात. डॉक्टरला न विचारता त्यांवर विश्वास ठेवणं धोक्याचं.

घरात काय चाललंय ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुली आणि स्त्रिया पाळीत कापड वापरतात. काहीजणी कापड आणि पॅड दोन्ही वापरतात. कापड वापरणं वाईट नाही. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलं तर ते चालतं. पण आपल्याकडे ते कुठे वाळतं? पलंगाखाली किंवा मोरीतल्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांच्या आड. दमट राहिलेल्या कापडाने खाज, पुरळ आणि संसर्ग होतो. दोरीवरचं ते कापड अब्बांना दिसू नये म्हणून मुलगी आजार अंगावर काढते.

रमजानचंही तसंच. पाळीत रोजा नाही, ते रोजे नंतर पूर्ण करायचे, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तरी कितीतरी मुली सहरीला उठून बसतात, दिवसभर रोज्यात असल्याचं भासवतात आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घाईघाईने दोन घास गिळतात. भाऊ विचारेल, ‘आज रोजा का नाही?’ ही भीती. शरीयतने दिलेली सवलत आपण घरातल्या घरात काढून घेतो. गेल्या काही वर्षांत मुस्लिम तरुणी याबद्दल ऑनलाइन मोकळेपणाने लिहू लागल्या, तेव्हा ‘हया कुठे गेली?’ असं त्यांनाच सुनावलं गेलं.

हयेचा अर्थ गप्प राहणं असा आहे का? हजच्या प्रवासात हजरत आयेशा (र.) यांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावलं की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या लेकींसाठी ठरवलेली आहे. तवाफ सोडून हजचे बाकी सगळे विधी करायलाही सांगितलं. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया पाळीनंतरच्या गुस्लबद्दल थेट प्रेषितांना विचारत. लाज त्यांना दीन शिकण्यापासून अडवत नाही, याबद्दल हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली आहे. ज्या परंपरेत प्रश्न इतक्या मोकळेपणाने विचारले गेले, तिच्यातल्या मुलीने आज स्वतःच्या घरात घाबरून राहावं, हे पटतं का?

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या मासिक पाळी स्वच्छतेसाठी देशभर एकसमान धोरण आखायला केंद्र सरकारला सांगितलं. शाळेत पॅड, पाणी आणि कचऱ्याचा डबा मिळणं हा मुलीचा हक्कच आहे, तो मागायलाच हवा. पण घरातली भीती घालवणारं धोरण कुठलंच सरकार आणू शकत नाही.

आपल्याला मात्र बरंच करता येईल. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पहिली पाळी येण्याआधीच तिला सांगा. मुलालाही त्याच वयात सांगा, आणि ते अब्बांनी सांगितलं तर आणखी चांगलं. पॅड किंवा कापड दर चार ते सहा तासांनी बदलावं. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या. मदरशातल्या मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा ठेवा. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी बाप-भावांना याबद्दल दोन शब्द सांगितले, तर ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त घरांत पोहोचतील.

आणि पुढच्या रमजानात बहीण दुपारी जेवताना दिसली, तर भावाने काही विचारू नये. पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवावा.