एवढं गेलोच आहोत तर...

मराठी माणसाच्या खिशाला सर्वांत मोठं भोक पाडलं असेल, तर ते चोरांनी नव्हे, सोनारांनीही नव्हे. ते ‘एवढं गेलोच आहोत तर’ या चार शब्दांनी. अक्कलकोटला निघालेलं कुटुंब या चार शब्दांच्या जोरावर गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करून परततं आणि मग कोणाच्या पायाला कोणी तेल चोळायचं यावर आठवडाभर घरात वाद होतो. इथवर ठीक आहे. आपल्या मुलखात हे शब्द परवडतात. एक एस. टी. चुकली तर दुसरी येते आणि देव कुठं जात नाहीत. पण हे चार शब्द पासपोर्टात घालून युरोपात नेऊ नयेत, एवढं सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे मेहुणे म्युनिक ते व्हेनिस असा प्रवास भाड्याच्या मोटारीनं करायचा म्हणतात. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-गोव्याहून कमीच. हाताशी आठ रात्री. सरळ मामला! पण त्यांनी केलेला तक्ता माझ्याकडे तपासायला आला. (बँकेतल्या माणसाकडे नातेवाईक दोनच गोष्टी आणतात : फाटक्या नोटा आणि न जुळणाऱ्या बेरजा.) तक्त्यात म्युनिक, साल्झबर्ग, हालस्टाट, झुरिक, मिलान, पिसा आणि मग व्हेनिस. आता साल्झबर्ग म्युनिकच्या पूर्वेला, झुरिक पश्चिमेला आणि जायचं आहे दक्षिणेला. म्हणजे पुण्याहून गोव्याला निघावं आणि ‘जाता जाता’ सोलापूर आणि अलिबाग करून घ्यावं, तशातला प्रकार. मी बेरीज केली. साडेपाचशेचे सोळाशेच्या वर गेले. इतकं चक्रवाढ व्याज आमच्या बँकेनंसुद्धा कधी कोणाला दिलेलं नाही.

मेहुणे म्हणाले, “रस्ते काय आहेत माहितेय का तिथले? जर्मनीत कित्येक ठिकाणी वेगाला मर्यादाच नाही!” अहो, रस्त्याला नसेल, माणसाला आहे ना! जन्मभर डाव्या बाजूनं गाडी हाकलेल्या गृहस्थाला तिथं उजव्या बाजूनं जायचं आहे. वळताना दिवा लावायला जाल तो काच पुसणारा वायपर सुरू होईल, आणि मागे बसलेल्या बायकोचा सल्ला तर दोन्ही बाजूंनी सुरूच राहील. आर. टी. ओ. हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना देतं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर उघडे राहणारे डोळे देत नाही.

आणि खर्च? पेट्रोल आणि भाडं धरलं की हिशेब झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचा परिच्छेद खुर्चीत नीट बसून वाचावा. जर्मनीत मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रियात महामार्गासाठी व्हिनेट नावाचा परवाना घ्यावा लागतो. तो घेऊनही ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचे पैसे निराळे. त्या महामार्गावरच्या लुएग पुलाची दुरुस्ती २०२५ सालापासून काढली आहे, त्यामुळे पैसे भरून रांगेत उभं राहण्याचा आपला राष्ट्रीय अनुभव तिथंही मिळण्याचा संभव आहे. स्वित्झर्लंड तर सावकारांचा देश. तिथला महामार्ग-परवाना चाळीस फ्रँकचा आणि तो मिळतो वर्षाचाच. तुम्ही दोन दिवस जा नाहीतर दीडशे दिवस. इटलीत टोलनाके आहेतच, शिवाय जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या मोटारींना बंदी. तिथं शिपाई शिट्टी मारत नाही. कॅमेरा मुकाट्यानं फोटो काढतो आणि दंडाचं पत्र तुम्ही घरी येऊन लोकांना पेढे वाटून झाल्यावर येतं. एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडण्याचा जबर आकार वेगळाच. यातलं काही चुकत नाही, हे मान्य. पण जितकी गावं वाढवाल तितके हे नाके वाढतात, हे तरी मान्य करा!

“पण आयुष्यात एकदाच जाणार ना!” हा मेहुण्यांचा हुकमाचा एक्का. तो मला मुळीच हलका वाटत नाही. मुदत ठेव मोडून माणूस निघतो, तेव्हा सगळं पाहून घ्यावं असं त्याला वाटणारच. पण एकदाच जायचं असेल, तर मोटारीच्या काचेतून का पाहायचं? लग्नही माणूस (बहुधा) एकदाच करतो. म्हणून एका पंगतीत चार लग्नांचं जेवण कोणी जेवत नाही.

याच वाटेनं, म्हणजे म्युनिक, ब्रेनर, व्हेरोना, व्हेनिस असा, एक जर्मन गृहस्थ १७८६ साली गेला होता. त्याचं नाव गटे. आपल्या शाकुंतलाची ज्यानं स्तुती केली तोच. वायमारच्या दरबारात मंत्री होता, म्हणजे आपल्यासारखा नोकरदारच. ३ सप्टेंबरला कोणालाही न सांगता पहाटे तीन वाजता कार्ल्सबाडहून निघाला; सहा तारखेला म्युनिक आणि अठ्ठावीसला व्हेनिस. मध्ये गार्डा सरोवरात वारा उलटा फिरला म्हणून नाव मालचेसिने गावी लागली. तिथला पडका किल्ला तो चितारत बसला, तर लोकांना वाटलं की हा ऑस्ट्रियाच्या बादशहाचा हेर! सुटला बोलून बोलून. आज मालचेसिनेचं नाव घेतलं की हा किस्सा निघतोच. आणि तो किस्सा कोणाच्याही तक्त्यात नव्हता.

तक्त्यात आणखी एक गोष्ट नव्हती. आमचे सासरेही बरोबर जाणार आहेत, वय बहात्तर. तक्ता वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मधे कुठं बाकावर बसायला मिळेल ना रे?” मेहुण्यांनी तक्ता वरून खाली आणि खालून वर पाहिला. किल्ला होता, मनोरा होता, चॉकलेटचं दुकान होतं. बाकाला रकाना नव्हता. माझं भांडण आहे ते यासाठी. ज्या म्हाताऱ्यानं पोरांच्या शिक्षणापायी आयुष्यात कल्याणच्या पलीकडे सहल काढली नाही, त्याला आल्प्सच्या पायथ्याशी नेऊन मुलाच्या डोक्याची मागची बाजू दाखवायची?

म्हणून माझा तक्ता. तेच आठ मुक्काम : म्युनिक एक, इन्सब्रुक दोन, मालचेसिने दोन, व्हेनिस तीन. बोचकी सात वेळा बांधण्याऐवजी चार वेळा. कोणत्याही दिवशी अडीचशे किलोमीटरच्या आत. वाटेत बोल्झानोला थांबून १९९१ साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस पाहावा. आल्प्स घाईनं ओलांडायचे नसतात, हे त्याच्याइतकं कोणाला कळलं आहे? आठांपैकी पाच रात्री इटलीत, म्हणून विमान म्युनिकला उतरणार असलं तरी व्हिसाचा अर्ज इटलीकडे करावा. त्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम लागतो हे खरं. पण त्यात पिसाचा मनोरा नसला म्हणून कोणी व्हिसा नाकारत नाही.

व्हेनिसमध्ये तर मोटार शहराच्या वेशीवरच, पियात्साले रोमाला, ठेवावी लागते. पुढं पाणी आणि पाय. सकाळी येऊन संध्याकाळी पळणाऱ्यांकडून २०२४ सालापासून ठरावीक दिवशी ते शहर प्रवेशशुल्क घेतं. रात्री राहणाऱ्याला ते माफ. ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणणाऱ्यांकडून रीतसर पावती देऊन पैसे घेणारं जगातलं हे शहाणं शहर. आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानानंही विचार करायला हरकत नाही.

मेहुण्यांनी पिसा खोडलं आहे. झुरिकवर अजून वाटाघाटी चालू आहेत. बाकाचा रकाना मात्र सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं, शाईनं आखला आहे. आणि शाईनं केलेली नोंद खोडायची झाली तर शेजारी सही लागते, हे मी मेहुण्यांना सांगून ठेवलं आहे.