धक्के सायकलने खावेत की मनगटाने?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक गुरुजी आले. वय शेहेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, सहा महिन्यांपूर्वी साखर सापडलेली. मागच्या खेपेला मी त्यांच्या केसपेपरवर नेहमीप्रमाणे ‘रोज व्यायाम’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली तरी ते उठेनात. मोबाइल पुढे करून म्हणाले, ‘‘डॉक्टर, सायकल घेतोय. या दोनांतली कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो, दोन्ही कच्च्या रस्त्यावर चालतात.’’

एका फोटोत वाकड्या हँडलची, सडपातळ टायरची सायक्लोक्रॉस होती. दुसऱ्यात जाड टायरची माउंटन बाइक. बाहेर रांग वाढत होती, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन त्यांना पाठवलं. पण विषय दोन वाक्यांचा नाही. हल्ली चाळिशी-पन्नाशीतली बरीच मंडळी साखर, रक्तदाब किंवा पोट कमी करायला सायकल घेतात. डांबरी रस्त्यावरच्या ट्रकना कंटाळून माळावर, टेकडीवर वळतात. म्हणून गुरुजींना द्यायचं राहिलेलं सविस्तर उत्तर इथे देतो.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. कच्च्या रस्त्यावर दोन्ही चालतात. पण खडबडीत वाटेचा धक्का कुठेतरी जिरावा लागतो. तो टायरमध्ये जिरेल, पुढच्या चिमट्यात जिरेल, नाहीतर तुमच्या मनगटात, मानेत आणि कमरेत जिरेल. त्याची वाटणी सायकल ठरवते. माझं मत असं की, चाळिशीनंतर नव्याने सायकल हाती घेणाऱ्याने वजन, रंग आणि वेग नंतर पाहावा. आधी ही वाटणी पाहावी. हे मी पुस्तकातून शिकायला हवं होतं. शिकलो माझ्या करंगळीकडून.

बावन्नाव्या वर्षी मी हौसेने सायक्लोक्रॉस घेतली. आमच्या सातारा जिल्ह्यात धोम धरणाच्या कालव्याकडेने मातीच्या वाटा आहेत. त्यांवर ती सायकल अशी पळते की वय विसरायला होतं. महिनाभरात धीर चेपला आणि मी तीच सायकल घेऊन दगडगोट्यांच्या डोंगरवाटा उतरू लागलो. तीन रविवार झाले. चौथ्या सोमवारी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर वाटू लागलं. मी मानेवर संशय घेतला आणि उशी बदलली. पुढच्या आठवड्यात केसपेपर लिहिताना पेन बोटांतून निसटायला लागलं, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे गेलो. त्याने अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये एक कागद धरायला लावला आणि तो ओढला. कागद धरून ठेवायला माझा अंगठा पेरात वाकला. ही तपासणी मी कित्येक वर्षं निवासी डॉक्टरांना शिकवत आलो होतो!

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा पुढे, एका अरुंद बोगद्यातून अल्नर नावाची नस जाते. हँडल नेमकं तिथे टेकतं. सतत दाब आणि वर दगडांची थरथर मिळाली की ही नस सुजते. आधी करंगळी बधिरते, मग पंजाच्या लहान स्नायूंचा जोर जातो. चिमूट धरवत नाही, किल्ली फिरवताना त्रास होतो, शर्टाचं बटण लागत नाही. वेळीच थांबलं तर नस बहुधा सावरते. मला दोन महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवावी लागली.

आता या दोन सायकली मुळात कशासाठी घडल्या ते पाहू. सायक्लोक्रॉसचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात झाला. रस्त्यावर शर्यती खेळणारे सायकलपटू हिवाळ्यात शेतं, कुरणं आणि चिखल तुडवत सराव करत. फ्रान्समध्ये १९०२ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तर १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. शर्यत साधारण तासाभराची, फेरी तीन किलोमीटरच्या आसपास, जमीन बहुतेक गवत, माती, वाळू आणि चिखलाची. वाटेत अडथळा किंवा उभा चढ आला की खेळाडू उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि पळतो. म्हणून सायकल हलकी हवी. स्पर्धेच्या नियमाने टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. पुढचा चिमटा ताठ असतो, त्याला स्प्रिंग नसते.

माउंटन बाइक आली कॅलिफोर्नियातून, १९७०च्या दशकात. मरीन काउंटीतली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. १९७६ पासून त्यांनी तिथल्या एका उतारावर शर्यती भरवल्या. उताराचं नाव ‘रीपॅक’, कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणजे ही सायकल पहिल्यापासून दगड आणि उतारासाठी घडली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिला स्थान मिळालं. एकीचा जन्म कुरणातला, दुसरीचा डोंगरातला. हा फरक आजही त्यांच्या हाडामांसात आहे.

आकड्यांत सांगायचं तर माउंटन बाइकचा सव्वादोन इंची टायर साधारण ५७ मिलिमीटर रुंद असतो. सायक्लोक्रॉसच्या ३३ मिलिमीटरच्या टायरपेक्षा त्यात जवळपास तिप्पट हवा मावते. त्यामुळे ती कमी दाबाने भरता येते. माझ्या वजनाला मी माउंटन बाइकमध्ये पंचवीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. अरुंद टायरमध्ये पस्तीस-चाळीस भरावी लागते, नाहीतर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होते. मऊ टायर दगडाला कवेत घेतो, घट्ट टायर त्यावरून उडतो. त्यात माउंटन बाइकचा चिमटा शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जास्त दबतो. सायक्लोक्रॉसमध्ये ते काम तुमचे कोपर आणि गुडघे करतात. पंचविशीतल्या तरबेज सायकलपटूला ते जमतं. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस उतारावर कोपर ताठ करून हँडल घट्ट आवळतो आणि प्रत्येक दगड मानेपर्यंत पोचवतो.

उतारावर आणखी एक अडचण असते. वाकड्या हँडलवर ब्रेक जोरात दाबायचे तर हात खालच्या वळणात न्यावे लागतात. शरीर पुढे झुकतं, डोकं खाली जातं आणि पुढच्या चाकावर भार येतो. नेमकं तेव्हाच शरीर मागे न्यायचं असतं. माउंटन बाइकचं हँडल रुंद आणि सरळ असतं, बोटं कायम ब्रेकवर राहतात. चाक दगडात अडकून माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती तिथे कमी असते.

हृदयाचा विचार तर माझ्यासारख्या फिजिशियनला सोडताच येत नाही. चढावर सर्वात हलका गिअर किती हलका आहे, हे मी माझ्या पेशंटला मुद्दाम विचारायला सांगतो. सायक्लोक्रॉसला पुढे ३६ आणि मागे ३२ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.४ मीटर पुढे जाते. आजच्या बऱ्याच माउंटन बाइकना पुढे ३२ आणि मागे ५१ दाते असतात; तिथे एका फेरीत सुमारे १.४ मीटर. मिनिटाला साठ वेळा पेडल फिरवलं तर माउंटन बाइकवर ताशी पाच किलोमीटरने रमतगमत चढता येतं. सायक्लोक्रॉसवर जवळपास नऊच्या वेगाने चढावं लागतं. तेवढा दम नसेल तर माणूस दात-ओठ खात, श्वास रोखून एकेक पेडल दाबतो. अशा वेळी रक्तदाब झपकन वर जातो. मधुमेहींमध्ये हृदयविकार छातीत न दुखताही असू शकतो. त्यांनी चढाच्या वाटेला लागण्याआधी तपासणी करून घ्यावी आणि बोलता येईल इतक्याच दमाने चढावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर ठेवावी.

एवढं ऐकून सायक्लोक्रॉसवाले मित्र माझ्यावर रागावतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. नुसती सायकल चालवून पायाच्या स्नायूंना आणि हृदयाला व्यायाम होतो, पण हाडांना पुरेसा भार मिळत नाही. सायक्लोक्रॉसमध्ये उतरणं, पळणं, सायकल उचलणं आलंच. तो भार हाडांना हवा असतो. अवघड जागा आली की खाली उतरायचं, यात लाज कसली, हा या खेळाचा धडा तर मला फार आवडतो. शिवाय सस्पेन्शनमुळे खड्डे कळत नाहीत आणि वेग वाढत जातो, हेही खरं. ताशी पंधराऐवजी तीसच्या वेगाने पडलात तर आघाताची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. जपून चालवलेली सायक्लोक्रॉस बेफाम चालवलेल्या माउंटन बाइकपेक्षा केव्हाही सुरक्षित.

तरीही सायकल वाट बघूनच निवडावी. ब्रिटनचा टॉम पिडकॉक २०२२ साली सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला. त्यानेच टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं. चिखलात जगाला हरवणारा हा माणूसही दगडावर जाताना सायकल बदलतो. मग आपण कोण?

एका फसवणुकीबद्दलही सांगतो. अगदी स्वस्त सायकलींना पुढे स्प्रिंग आणि कधी सीटखालीही स्प्रिंग लावून त्यांना माउंटन बाइक म्हणून विकलं जातं. त्या स्प्रिंगला परत येताना आवरणारी यंत्रणा नसते. ती वजन वाढवते आणि धक्का झेलून उलट तुमच्याकडेच फेकते. तेवढ्याच पैशांत साध्या ताठ चिमट्याची, जाड टायरची आणि चांगल्या ब्रेकची सायकल मिळत असेल तर ती घ्या. मागचं सस्पेन्शन तर सुरुवातीला कुणालाच लागत नाही.

सायकल कोणतीही घ्या, वाट कच्ची म्हणजे कधीतरी पडणं आलं. हेल्मेट हवंच, बोटांसह हातमोजेही हवेत. पडताना माणूस हात पुढे टेकतो, त्यामुळे मनगट आणि गळ्याजवळचं हाड यांना आधी मार बसतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळलंय’ म्हणून तेल चोळत बसू नका. तिथल्या स्कॅफॉइड या लहानशा हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये न दिसण्याची शक्यता असते. मनगट आधार देऊन बांधतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. ही चीर अंगावर काढली तर हाड जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखत राहतं.

चिखलाबद्दलही थोडं. युरोपात सायक्लोक्रॉस थंडीतल्या चिखलात खेळतात. आपल्याकडे चिखल म्हणजे पावसाळा आणि पावसाळा म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. पायाला जखम असताना गुराढोरांच्या वाटेवरच्या साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. गेलात आणि पुढच्या पंधरवड्यात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘चिखलात सायकल चालवली होती’ हे आपणहून सांगा. पाण्याच्या बाटलीचं तोंड झाकलेलं ठेवा. नॉर्वेत २००९ साली एका मोठ्या माउंटन बाइक शर्यतीनंतर, तोंडात उडालेल्या चिखलामुळे अनेक स्पर्धकांना जुलाबाचा संसर्ग झाला होता. खरचटलं तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा.

मग गुरुजींना काय सांगितलं? त्यांना विचारलं, ‘‘रोज जाणार कुठे?’’ म्हणाले, ‘‘घरापासून शाळा. अर्धा डांबरी रस्ता, अर्धा मुरमाचा. रविवारी टेकडी.’’ नुसती शाळाच असती तर मी सायक्लोक्रॉस म्हटलं असतं, कारण मुरूम आणि माती ही तिची हक्काची जागा. पण टेकडीचा मोह सुटणार नव्हता, म्हणून साधी, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घ्या म्हटलं. डांबरी रस्त्यावर ती जरा जड चालेल. त्याने काही बिघडत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात किलोमीटरची अट नाही.

माझी सायक्लोक्रॉस अजून आहे. कालव्याच्या वाटेवर तिच्यासारखं सुख नाही. हँडलवर जाड पट्टी गुंडाळली आहे, हवा थोडी कमी ठेवतो, दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदलतो. डोंगरवाट आली की उतरतो आणि ढकलत नेतो. मागून येणारी पोरं हसतात. हसू देत. सोमवारी ओपीडीत पेन धरायचं असतं.