पंचवटीतील फिरंगी घंटा

पोर्तुगालची संस्कृती पाहावयाची तर लिस्बन गाठले पाहिजे, निदान गोव्यास तरी गेले पाहिजे, अशी आपणांपैकी बहुतेकांची समजूत असते. नाशिकच्या यात्रेस जाणाऱ्या वाचकांस आमची सूचना अशी की, रामकुंडावरील स्नान आटोपल्यावर जवळच्याच नारोशंकराच्या देवळापाशी जावे आणि दरवाजावर टांगलेल्या घंटेकडे एकवार निरखून पाहावे.

हे रामेश्वराचे देवालय सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधविले. घंटेवर मात्र इसवी सन १७२१ चा आकडा कोरलेला आहे. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनी वडील! शिवाय हिंदू दात्याने इसवी सन नव्हे, शक कोरविला असता. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयात ही घंटा हाती आली, अशी परंपरागत हकीकत आहे. ती या आकड्याशी जुळते. नाना फडणविसांच्या मेणवलीस कृष्णाकाठी अशीच १७०७ सालची घंटा आहे.

पोर्तुगीजांच्या कॅथलिक पंथात घंटा ही केवळ नादाची वस्तू नव्हे. टांगण्यापूर्वी धर्मगुरू तिच्यावर पवित्र जल शिंपडतात आणि मुलाचे बारसे करावे तसे तिला बहुधा एखाद्या संताचे नाव ठेवतात. सकाळ, मध्यान्ह व सायंकाळ अशी तीन वेळा ती प्रार्थनेची आठवण देते. आपल्या त्रिकाल संध्येचे स्मरण व्हावे, असाच हा नेम! गावात कोणी निवर्तले, तर ती वार्ताही तीच सांगते.

पोर्तुगीजांनी देवळे पाडली, १५६० साली गोव्यात ‘इन्क्विझिशन’ नामक धर्मन्यायालय स्थापून लोकांचा छळ केला. हे विसरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जिंकलेल्या घंटा वितळवून तोफा ओतण्याची चाल युरोपात होती. येथे तसे झाले नाही. वसईच्या शिबंदीस तहानुसार सन्मानाने जाऊ दिले आणि ही घंटा गोदातीरी पुन्हा देवाच्याच दारी लागली. आमच्या मते हा संयम त्या विजयाइतकाच अभिमानास्पद आहे.

मुलांना घंटा दाखवाल तेव्हा वसईच्या पराक्रमाची कथा अवश्य सांगा. पण पराक्रमापूर्वीची तिची अठरा वर्षेही सांगा. एवढे केल्याने आपला विजय उणा होत नाही, आणि मुलांच्या पदरी इतिहास मात्र पुरता पडतो.